हार्गेटच्या खिडकीपुढची रांग

अलाबामातल्या आमच्या लाल मातीत माणूस शिक्षा भोगून परत येतो, पण सुटत नाही. कोर्टाचा खर्च, सरकारनेच दिलेल्या वकिलाची फी, दंड आणि दंडावरचा दंड तुरुंगाच्या फाटकाशीच त्याला गाठतात. माझी शेजारीण ओझेला मिम्स सहा वर्षं काढून आली आणि पुढची नऊ वर्षं दर एक तारखेला हप्ता भरायला कोर्टाचा कारकून हार्गेट याच्या खिडकीशी उभी राहिली.

हप्ता एकदाच चुकला. तिची आई गेली तेव्हा. हार्गेटने वॉरंट काढलं. पेटी खड्ड्यात उतरायच्या आधी पोलिसांनी ओझेलाला कबरीपासून उचललं. आईवर मूठभर माती टाकायची राहून गेली. त्या दिवसापासून तिच्या पोटात निखारा होता आणि ती तो विझू देत नव्हती. मीही कधी विझव म्हटलं नाही.

यंदा नव्या न्यायाधीश बाई आल्या. ज्यांना फेडणं जमत नाही त्यांचे अर्ज ऐकू लागल्या. पण आमच्या लोकांची खोड अशी, की कोर्टात जायचं तेही चर्चला गेल्यासारखं. उसना कोट, पिसांची टोपी, चकचकीत बूट. तिघेजण असेच गेले. हार्गेट उठून म्हणाला, "बाईसाहेब, ही टोपी बघा. हे गरीब?" तिघांचेही अर्ज फेटाळले गेले.

ओझेलाचं लायसन्स कोर्टाने कधीच काढून घेतलं होतं, म्हणून सुनावणीच्या दिवशी मी ट्रक घेऊन कोंबड्यांच्या कारखान्यापाशी गेलो. ती पाळी संपवून तशीच बाहेर आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एप्रनवर रक्ताचे शिंतोडे.

"अगं, निदान तोंड तरी धू! तुझ्या आईने अशी दारात उभी केली नसती."

"आई असती तर नटले असते, रूफस. ट्रक चालव."

कोर्टात हार्गेटने नाकाला रुमाल लावला. "ओझेला, इथे अशी येतेस?"

"नटून आलेल्यांना काय मिळालं, साहेब?" मग ती न्यायाधीशांकडे वळली. "बाईसाहेब, मला कुठून पकडून नेलं ते यांना वाचायला सांगा. त्यांच्याच कागदात आहे."

हार्गेट पानं उलटत राहिला.

"मोठ्याने वाचा," बाई म्हणाल्या.

"दफनभूमी," तो पुटपुटला.

"मोठ्याने म्हटलं मी."

त्याने पुन्हा वाचलं. बाईंनी ओझेलाचे हात बघितले, पगाराची चिठ्ठी बघितली आणि राहिलेली सगळी रक्कम माफ केली. नोंद आजच व्हावी, असंही बजावलं.

खिडकीशी हार्गेट म्हणाला, "उद्या ये."

"बाई आजच म्हणाल्यात. मी थांबते. थांबायची सवय तुम्हीच लावलीत."

त्याने चौदा पानांवर शिक्के मारले. तिने एकेक पान उजेडात धरलं.

"हा पुसट उठलाय. परत मारा."

त्याने परत मारला. त्याचे कान लाल झाले होते.

तारीख एक होती. मागे अकरा माणसं मुठीत पैसे धरून उभी होती. ओझेला त्यांच्याकडे वळली. "पैसे खिशात ठेवा. आधी अर्ज मागा. लिहिता येत नसेल त्याचा मी भरते."

पुढे उभे असलेले म्हातारे टॉलिव्हरकाका तिच्या कानाशी लागले. "पोरी, साहेब चिडतील गं."

"चिडू दे ना, काका. तेच बघायला थांबलेय."

आणि कचेरी बंद होईपर्यंत ती तिथून हलली नाही.