उजवा हात, टोटल

बुटीबोरीच्या कापड कारखान्यात रोलरनं माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात ओढला. तीन बोटं चिरडली, कातडी मनगटापर्यंत सोलून निघाली. अंगठा अन् त्याच्याजवळचं बोट तेवढं राहिलं. दवाखान्यात मी मॅनेजरची कॉलर धरली. दोघांनी मला ओढत बाहेर नेलं म्हणून, नाही तर त्याचं थोबाडच रंगवलं असतं.

पट्ट्या सुटल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, इंग्रजीत अर्ज लिहून दे वं. मशीन नको, कापड तपासाचं काम द्या म्हणून लिही. मले घरी नाही बसाचं."

नंदनवन वस्तीत मी पोरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. सबंध भाकरी ती 'होल', काहीच उणं नाही ते 'कम्प्लीट', असे फरक घोकून घेते. अर्जाला बसले तर हेच शब्द अंगावर आले. 'होल हॅन्ड' लिहिलं, खोडलं, शाळकरी वाटलं. 'एन्टायर' गुळगुळीत. 'कम्प्लीट' म्हणजे तर एखादं काम छान पार पडल्यासारखं! मला दगड हवा होता, मॅनेजरच्या कपाळात बसेल असा. 'टोटल लॉस ऑफ राइट हॅन्ड' लिहिलं, अन् पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दुसरा घेतला, तेच लिहिलं.

मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. "पण पुरा हात कुठं गेला वं?" भाऊ म्हणाला.

"चूप बैस! तुले काय समजते त्यातलं? सही कर."

त्यानं केली. त्याच हातानं, अंगठा अन् बोटाच्या चिमटीत पेन धरून. मी मास्तरीण समोर बसून पाहत होते, पण रागाच्या भरात टाळक्यात काही शिरलंच नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. उजवा हात टोटल गेल्याचं आपणच लिहून दिलं आहे, सबब हातानं करायचं कोणतंही काम आपल्याला देता येत नाही. नोकरी संपली. मी पत्र चुरगाळून भिरकावलं, मॅनेजरच्या सात पिढ्या उद्धरल्या. भाऊ चहा पीत होता. माझं ओरडणं थांबल्यावर त्यानं विचारलं,

"ताई, तो शब्द कोन्ता होता? टोटल म्हणजे काय वं?"

"पुरा."

त्यानं चहाचा ग्लास चिमटीत उचलला अन् माझ्या डोक्यावरून भिंतीवर हाणला. काचा अन् गरम चहा माझ्या मानेवर उडाला.

"मंग हा कोन्त्या हातानं फेकला वं?"