आमच्या घराण्यात आनुवंशिक काय?

आमच्या घराण्यात आनुवंशिक असं काही नाही, एवढंच मला पाहुण्यांना सांगायचं होतं.

पुतणी वैशालीला बघायला येडशीचे पाहुणे आमच्याकडे तेरला आले होते. मुलगा तिच्या मनात भरला होता, त्यामुळे थोरल्या दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मला सकाळीच बजावलं, "मास्तर, आज तोंड उघडू नको." (मी शाळेत मराठी शिकवतो. शिक्षा घरच्यांना होते.)

भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता मुलाच्या मामांनी विचारलं, "तुमच्यात आनुवंशिक काय हाय का?" मामा शेळ्यांचे व्यापारी. आजी जुळी व्यायची का, हे विचारल्याशिवाय ते शेळीच्या दाव्याला हात लावत नाहीत.

दादा अभिमानाने म्हणाले, "हाय की. सात एकर. हिरीसकट."

माझ्याच्यानं राहवेना. "दादा, जमीन वडिलोपार्जित. आनुवंशिक म्हणजे रक्तातून येतं ते. नाक, टक्कल, दमा."

मामांनी बशी खाली ठेवली. "दमा कुणाला हाय?"

"कुणालाच नाही! उदाहरण दिलं."

"मग टक्कल?"

दादांनी हळूच टोपी घातली. तेवढ्यात आमचे ऐंशी वर्षांचे आप्पा खाटेवरून म्हणाले, "मास्तर, तुजंबी चुकलं. टक्कल तुज्या आईच्या बापाकडून आलंय."

"आप्पा, त्यांनी तिरुपतीला केस दिले होते," मी म्हणालो.

"तिरुपतीला न्हाय, तुळजापूरला," दादा म्हणाले.

पाहुण्यांच्या माना तिघांकडे फिरून फिरून दुखल्या असतील. शेवटी नवरदेवालाच आमची दया आली. "असू द्या हो. आमचा बी शेळ्यांचा धंदा आनुवंशिकच हाय."

चहा घेऊन आलेली वैशाली म्हणाली, "त्याला पिढीजात म्हणतात."

तिने जीभ चावली. दादांचा चेहरा उतरला आणि मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं.

मामांनी एकेकाकडे बोट दाखवलं. "आजा. बाप. चुलता. पोरगी. म्हंजी आनुवंशिक हे हाय व्हय!"

"आता बरोबर वापरलात," मी म्हणालो. (सवय!)

नवरदेवाला हसू आवरेना. सोयरीक तिथंच जमली. मामांची अट एकच: लग्नपत्रिका छापून होईपर्यंत मास्तरांना दाखवायची नाही.

काल पत्रिका हाती आली. चार चुका दिसल्या, त्यातली एक माझ्या नावात. पुतणीसाठी ओठ घट्ट मिटून मी ती आप्पांकडे दिली.

आप्पांनी चष्म्याशिवाय पाच काढल्या.