ओदे नावाचं गाव

गुंदच्या कान्हू ओदेकराला पन्नाशीपर्यंत कुणी आडनाव कुठून आलं म्हणून विचारलं नव्हतं. आडनाव लागायचं ते सुप्याच्या कचेरीत, तेही वर्षातून एखाद्या वेळी. पण १९१३ साली त्याच्या धाकट्या मुलीला, देवकीला, खानापूरकडचं स्थळ आलं. मुलाचा चुलता अर्जुन रीतभात जपणारा माणूस. पानसुपारी झाल्यावर त्यानं विचारलं,

"ओदेकर म्हंजे ओदे गावचे. हे ओदे कुठं आलं, पावणं?"

कान्हू म्हणाला, "आमच्या आज्यापासनं आम्ही हितंच हाय."

"तसं न्हाई. मूळ गाव, मूळ देव कळल्याबिगर पोरगी न्यायची कशी? विचारून ठेवा. येतो पुन्यांदा."

कान्हू विचारत सुटला. सुप्याच्या बाजारात विचारलं, घाट चढून येणाऱ्या मिठाच्या गाडीवाल्यांना विचारलं. कचेरीतल्या कारकुनानं गावांच्या यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "असं गावच नाही. लिहिणाऱ्याची चूक असेल."

मग त्याच्या बायकोला, केशरला, आठवण झाली. बाजारकुणंग गावात कान्हूच्या बापाची चुलतबहीण होती, फुला. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू. कान्हू तिच्याकडे गेला तेव्हा ती अंगणात बसून चाचपत कुळीथ निवडत होती. त्यानं ओदे गावाचं विचारलं आणि तिचा हात सुपातच राहिला.

"गाव न्हवं रं ते. ती हाक हाय."

"कसली हाक, आत्या?"

फुलानं सांगितलं ते असं. कान्हूचा पणजा झिलू. त्याचं गाव गुंदच्या वाटेवरच्या ओढ्यापलीकडं, उतरणीवर, अकरा घरांचं. एका वर्षी गावात देवीची साथ आली. धडधाकट माणसं ओढा ओलांडून अलीकडे खोपटी बांधून राहिली, आजारी पलीकडेच. त्यांत झिलूची आठ वर्षांची मुलगी होती, लक्ष्मी. रोज सकाळी कुणीतरी ओढ्यातल्या सपाट दगडावर पेजेची मडकी ठेवून यायचं होतं. ते काम झिलूनं घेतलं. मडकी ठेवून तो पलीकडे तोंड करून ओरडायचा, "ओ दे! ओ दे गे!" पलीकडून जितक्या ओ येतील तितकी मडकी दुसऱ्या दिवशी. आधी चौदा यायच्या. मग नऊ. मग तीन. शेवटी एकच राहिली, लक्ष्मीची.

"पाऊस तोंडावर आलेला," फुला म्हणाली. "दाणे सरलेले. झिलूच्या खोपटात तान्हं पोर. आन् लोक त्याच्या तोंडाकडं बघत बसलेले. एक दिस तो आला आन् म्हणाला, आता ओ येत न्हाई. लोकांनी खोपटी मोडली आन् गुंदकडं निघाले."

"मग?"

"त्या सकाळी माझ्या आईची आई ओढ्यावर पाण्याला गेली व्हती." फुलानं सूप बाजूला ठेवलं. "ओ येत व्हती, कान्हू. तिनं ऐकली व्हती."

झिलूला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पाठीमागं सगळे त्याला ओदे म्हणू लागले. नातवांना ते सोसेना. त्यांनी पुढं 'कर' जोडला आणि नसलेलं एक गाव करून घेतलं.

कान्हू तिथून सरळ ओढ्यावर गेला. दुपारची वेळ होती. पलीकडे रानानं सगळं गिळलं होतं. तरी फणसाची झाडं ओळीत उभी होती आणि कातळात उखळाचे खळगे दिसत होते. पाण्यात एक सपाट दगड होता. कान्हूनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओ आली असती तर काय करायचं, हे त्याला कळेना.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. नांगर धरलेला असताना तो बैल थांबवायचा, जेवताना घास हातात धरून ऐकत बसायचा.

"गुराखी पोरं असतील वो," केशर म्हणायची.

"एकच पोर हाय," तो म्हणायचा.

अर्जुन पुन्हा यायच्या आदल्या दिवशी केशरनं बजावलं, "घाटाखालचं कुठलंतरी गाव सांगा. कोण जातंय बघायला?" कान्हूनं मान डोलावली. पण अर्जुन समोर बसल्यावर त्यानं सगळं खरं सांगितलं, ओ येत होती हेसुद्धा. अर्जुननं विडा हातात घेतला होता, तो तबकात परत ठेवला आणि उठला. देवकी महिनाभर बापाशी बोलली नाही. दोन वर्षांनी बाजारकुणंगच्या परशूनं तिला मागणी घातली. त्यानं मूळ गाव विचारलं नाही.

१९१८च्या तापात गुंदच्या खालच्या चार घरांत नऊ माणसं आडवी झाली. बाकीचे टेकडीवरच्या खोपटांत गेले. केशरनं कान्हूचा हात ओढला, "चला की! दारात पेज ठेवून हाक मारली की झालं."

"हाक मारून भागायचं न्हाई," तो म्हणाला आणि आत गेला.

तीन आठवडे तो त्या घरांत राहिला. पेज शिजवली, माना उचलून पाजली, घाण काढली. पाच जण गेले. जावयाला, परशूला, बोलावून दोघांनीच त्यांना पुरलं. चौघं वाचले. त्यांतला नागू पुढं सांगायचा, "कान्हूबाबानं दारातनं कधी हाक मारली न्हाई. एकदम आत यायचा, कपाळाला हात लावायचा."

आता तरी त्याचा जीव निवेल, असं केशरला वाटलं होतं. तसं झालं नाही. दर वर्षी पाऊस तोंडावर आला की तो मडकं घेऊन ओढ्यावर जायचा आणि दिवस कलताना परतायचा. एकदा माहेरी आलेल्या देवकीनं विचारलंच,

"बाबा, तिथं कोण ओ देतंय?"

"देतंय."

"मग तुमी काय करता?"

"पलीकडं जातो," कान्हू म्हणाला. "जवळ बसतो."