न दुखणारा डोळा

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, सुचित्राच्या घरी जेवढी माणसं यायची, तेवढी दुबईतल्या अल कुसैसमधल्या एखाद्या दवाखान्यातही येत नसतील. कुणाला सर्दी, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाच्या पोराच्या अंगावर पुरळ उठलेलं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे रजा मागा, टॅक्सी करा, तासभर ताटकळत बसा. त्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या सुचित्राताई बऱ्या. दर उन्हाळ्यात ती कराडहून येताना निम्मी बॅग औषधांनीच भरून आणायची. कराडला तिच्या वडिलांचं मेडिकलचं दुकान होतं. लग्नाआधी चार वर्षं ती तिथे काउंटरवर उभी राहिली होती आणि तेवढ्या भांडवलावर ती अख्ख्या बिल्डिंगची डॉक्टरीण होऊन बसली होती. तिच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. तिलाही ते मनापासून पटत असे, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

तिचा नवरा राजाभाऊ यांचं लोखंडी गेट आणि कठडे बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. तिचा धाकटा भाऊ सुजीत आयटीआय करून घरी बसला होता. सुचित्राने नवऱ्यामागे लकडा लावला आणि शहाण्णव साली त्याला व्हिसा काढून बोलावून घेतलं. पोरगा कामाला वाघ, पण वर्कशॉपमधल्या सगळ्या वाईट सवयी त्याने महिन्याभरात उचलल्या. वेल्डिंगचा एकच टाका मारायचा असेल तर तोंडापुढे काच धरायचा कंटाळा. सगळे नुसते डोळे मिटून टाका मारत, तसाच तोही मारी.

वर्षभराने त्याचे डोळे असे काही भाजले, की सकाळी त्याला पापण्या उघडवेनात. डोळ्यांत वाळू ओतल्यासारखा तो तडफडत होता. सुचित्रा त्याला टॅक्सीत घालून देऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरबाई हैदराबादच्या होत्या. त्यांनी तपासण्याआधी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला आणि अर्ध्या मिनिटात सुजीत चक्क हसायला लागला.

"मॅडम, ये बॉटल घर के लिए दो ना," सुचित्रा म्हणाली.

"बिलकुल नहीं. ये सिर्फ चेक करने के लिए है. घर पे डालते रहोगे तो जखम भरेगी नहीं, आँख खराब हो जाएगी."

सुचित्रा मनातल्या मनात हसली. एवढं गुणाचं औषध घरी दिलं तर यांच्या दारात कोण येणार? तिने लेबलावरचं नाव वाचून घेतलं आणि घरी पोचेपर्यंत तोंडातल्या तोंडात घोकत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात चुलतभावाने दुकानातून तीन बाटल्या काढून दिल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. घरच्या पोरीकडे कोण मागणार? "पंधरा रुपये बाटली, म्हणजे दीड दिरहम," असं ती परत आल्यावर चार जणींना सांगत होती.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात ग्राइंडरची कणी उडून सुजीतच्या उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टरबाईंनी ती काढली, मलम घालून पट्टी बांधली. बुबुळाच्या वरच्या पडद्यावर छोटी जखम आहे, दोन-तीन दिवस ठणकेल, सोसा, म्हणाल्या. सुजीतला सोसवेना. तो उशीत तोंड खुपसून कण्हत होता आणि सुचित्राला ते बघवत नव्हतं. तिने पट्टी सोडली आणि थेंब टाकला.

"खलास! गेलं दुखणं," सुजीत म्हणाला. "ताई, तू त्या डॉक्टरणीपेक्षा भारी आहेस."

अर्ध्या तासाने डोळा पुन्हा ठणकला. तिने पुन्हा थेंब टाकला. चौथ्या दिवशी तो बाटली खिशात घालून कामावर गेला. घरी असला की सुचित्रा तासातासाला त्याला हाक मारी, डोक्यामागे उशी देई आणि मायेने पापणी वर करी. तीन बाटल्या संपल्या. वरच्या मजल्यावरची कमलिनी पुण्याला गेली होती; तिला फोन करून आणखी चार मागवल्या.

सुचित्राची आठ वर्षांची मुलगी सृष्टी हिने एक खेळ शोधून काढला. मामाच्या डोळ्यावर जोरात फुंकर मारायची. डाव्या डोळ्यावर मारली की दोन्ही पापण्या लगेच मिटत. उजव्यावर मारली तर एकही हलत नसे.

"मम्मी, लुक! मामाज् राइट आय नेव्हर ब्लिंक्स!"

सगळे हसले. राजाभाऊ तेवढे हसले नाहीत. "डोळा गढूळ दिसतोय. डॉक्टरला दाखवून घ्या," ते म्हणाले.

"अहो, दुखत नाहीये त्याला आता. दुखत नाही म्हणजे बराच होतोय की."

सहाव्या आठवड्यात सुजीतने चहाचा कप टेबलावर ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. उजव्या बाजूचं त्याला काही दिसतच नव्हतं. तेव्हा कुठे तिघं देऱ्याला गेली.

डॉक्टरबाईंनी कापसाचं टोक पिळून दोऱ्याएवढं बारीक केलं आणि डाव्या बुबुळाला लावलं. सुजीत दचकून मागे सरकला. उजव्या बुबुळाला लावलं. तो शांत बसून होता.

"लगाया?" त्याने विचारलं.

डॉक्टरबाईंनी कापूस खाली ठेवला. त्या पडद्यात बारीक नसा असतात, त्या दुखणं कळवतात आणि त्याच जखम भरायला मदत करतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. औषधाने त्या पुन्हापुन्हा बधिर करून मारून टाकल्या होत्या. जखम भरायच्याऐवजी खोल गेली होती.

"कितने दिन डाला? किसने डाला?"

"मैंने ही डाला," सुजीत म्हणाला. "चार-पाँच दिन."

डॉक्टरबाई लिहायला लागल्या. भाऊ आपल्याला पाठीशी घालतोय, हे सुचित्राला कळलं. गप्प राहिली असती तर सुटली असती. पण त्या खोट्या आकड्यावर उपचार होणार होते.

"छे हफ्ते," ती म्हणाली. "हर घंटे. मैंने डाला."

राजाभाऊंनी मान खाली घातली. डॉक्टरबाई रागावल्यासुद्धा नाहीत. आता एक थेंबही नाही, एवढंच बजावलं.

औषध बंद झालं आणि ज्या काही नसा जिवंत होत्या त्या आक्रोश करू लागल्या. हॉस्पिटलच्या कॉटवर सुजीत नऊ दिवस लोळत होता. डोळा चोळू नये म्हणून सुचित्रा त्याची दोन्ही मनगटं धरून बसायची.

"ताई, एकच थेंब. पाया पडतो तुझ्या."

"नाही रे राजा."

"तेव्हा घालत होतीस ना? तेव्हा 'नाही' का म्हणाली नाहीस?"

तिने मनगटं सोडली नाहीत.

पुढे जखम झाकली जावी म्हणून पापण्या अर्ध्या शिवल्या. पाच महिन्यांनी टाके काढले. जखम भरली होती, पण बुबुळावर साय धरल्यासारखा पांढरा डाग होता. उजेड-अंधार कळे, बाकी काही नाही. वाऱ्याने कधी डोळा चुरचुरला तर डॉक्टरबाईंना बरं वाटे. नसा हळूहळू येताहेत, पण पहिल्यासारख्या होणार नाहीत, म्हणत. दुसऱ्याचं बुबुळ बसवलं तरी अशा डोळ्यात ते टिकेल याची त्यांना खात्री नव्हती.

राजाभाऊंनी त्याला स्टोअर सांभाळायला सांगितलं. तो नको म्हणाला. व्हिसा कॅन्सल झाला, तिकीट आलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने आईला फोन लावला. ठिणगी उडून डोळा गेला, एवढंच त्याने घरी कळवलं होतं. थोडं बोलून त्याने रिसीव्हर बहिणीच्या हातात दिला.

"सुचे," पलीकडून आई रडत म्हणाली, "तू होतीस म्हणून पोराचं निभावलं ग. परक्या मुलखात एवढं कुणी केलं असतं त्याचं?"

सुजीत बॅगेची चेन लावत होता. त्याने डाव्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, सांगू नकोस. डॉक्टरबाईंपुढे ती खरं बोलली होती, कारण तेव्हा डोळा वाचण्याची आशा होती. आता खरं सांगून त्यातलं काहीच परत येणार नव्हतं.

"हो आई," ती म्हणाली.