प्रागच्या चौकातला सव्वा

मनोऱ्यावरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. माझ्या मनगटावरही सव्वाच. समोरच्या कॉफीच्या दुकानातल्या घड्याळात मात्र सव्वादोन.

"पराते, हे काय होऊन राहिलं गा?" गजभिये म्हणाला.

"दुकानातलं घड्याळ चुकलं," मी सांगून टाकलं.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची, प्रागमधल्या एका रविवारची. मी नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये होतो. म्हणजे बॉयलर-टर्बाइनवर जे शेकडो मीटर लागलेले असतात, ते खरं बोलतात की खोटं हे बघणं माझं काम. गजभिये कंट्रोल रूममधला ऑपरेटर, मी दुरुस्त केलेल्या मीटरांवर भरवसा ठेवून मशीन चालवणारा. आमचं टर्बाइन चेकोस्लोव्हाकियातून आलं होतं. त्याच्या ट्रेनिंगसाठी आम्ही दोघं तिकडच्या कारखान्यात महिनाभर राहिलो. शेवटच्या दिवशी राजधानी बघायची आणि दुपारी विमान धरायचं, एवढीच आमची युरोपची सहल.

पण जोखमीची वस्तू सोबत होती. आमच्या केंद्रातलं वीजनिर्मितीचं एक युनिट पंधरा दिवसांपासून बंद पडलं होतं. टर्बाइनचा वेग ताब्यात ठेवणारं जे यंत्र असतं, गव्हर्नर, त्याचा एक भाग गेला होता. तो नवा भाग टिफिनच्या डब्याएवढ्या खोक्यात घालून कारखान्याने आमच्या हाती दिला होता. एप्रिल लागला होता. नागपुरात ऊन तापलेलं, लोकांच्या घरातले पंखे बंद, आणि आमचे चीफ, कारमोरे साहेब, रोज फोनवर मंत्रालयाची बोलणी खात होते. त्यांची तार आली होती : पार्ट घेऊन रविवारच्याच विमानाने निघा. पुढचं विमान तीन दिवसांनी होतं. आमच्या दुभाषी मिलेनाबाईंनी शनिवारीच बजावलं होतं, बरोबर तीन वाजता हॉटेलच्या दारातून गाडी सुटेल.

गोंधळाला खरी सुरुवात शनिवारी संध्याकाळीच झाली होती. हॉटेलच्या लिफ्टजवळ एक टाइप केलेला कागद लावलेला दिसला. तिथल्या भाषेतला, खाली दोन ओळी अधोरेखित.

"काहीतरी बंद राहणार दिसते उद्या," गजभिये म्हणाला.

एप्रिल महिना आणि भिंतीवर नोटीस. नागपूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? उद्या पाणी येणार नाही. आम्ही दोघांनी आपापल्या खोलीतले बाथटब काठोकाठ भरून ठेवले. मी तर पाण्याचा ग्लासही भरून झाकून ठेवला. सकाळी नळ सोडला तर पाणी धो-धो. तेव्हाही डोक्यात काही शिरलं नाही. नाश्त्याला साडेआठला उतरलो तर टेबलं आवरून झालेली. वाढणाऱ्या बाईने भिंतीकडे बोट दाखवलं, काहीतरी म्हणाली आणि आमच्यासमोर नुसता पाव ठेवून गेली. रविवार आहे, बाई वैतागली असेल, असं आम्ही धरून चाललो.

मग पुतळ्यांचा पूल बघितला, पाण्यातले हंस बघितले आणि या चौकात आलो. तिथलं मनोऱ्यावरचं घड्याळ शेकडो वर्षांचं जुनं. आम्ही पोचलो तेव्हा वरच्या खिडक्यांतली पुतळ्यांची मिरवणूक संपून गर्दी पांगत होती. मी मात्र तबकडीसमोर खिळून उभा राहिलो. वर्तुळात वर्तुळं, चंद्र-सूर्य, राशी, आणि मिनिटकाटा नाहीच. बाहेरच्या कड्यावरचे आकडे सूर्यास्तापासूनचे तास मोजतात, असं मिलेनाबाईंनी सांगितलं होतं. ते सोडले, आतले रोमन आकडे धरले, सोनेरी काट्याची जागा बघितली आणि सव्वा वाचला. माझ्या घड्याळाशी अगदी जुळला. छाती फुगली माझी. ते यंत्र मला कळलं होतं.

म्हणून गजभियेने दुकानातलं घड्याळ दाखवलं तेव्हा मी त्याला आमच्या खात्याचा नियम ऐकवला. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे हे दाखवायला आम्ही तीन मीटर लावतो. पाणी कमी पडलं तर बॉयलर जळतो, म्हणून एकावर विसंबत नाही. तिघांतले दोन सारखं दाखवत असतील तर ते खरे, तिसरा बिघडलेला. इथे मनोरा आणि माझं मनगट एक बोलत होते. दुकान एकटं पडलं होतं.

"मंग ट्रामच्या स्टॉपवरचं घड्याळ? तेही सव्वादोनच दाखवून राहिलं. अन् तुह्या मागं त्या चर्चचं पाह्य."

मी मागे बघितलं. तिथेही सव्वादोन. पण उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"गावातली घड्याळं एकाच मास्टर घड्याळाच्या तारेवर चालतात. मास्टर चुकलं की सगळी चुकतात. त्यांचं सगळ्यांचं मिळून मत एकच."

"दुकानातलंबी तारेवर हाय?"

"त्यांना बघून लावलं असेल."

गजभियेने पुन्हा एकदा चर्चकडे बघितलं. मग म्हणाला, "मले नाही पटत. मी चाललो हॉटेलवर. तू येतं का?"

मला टेकडीवरचा किल्ला बघायचा होता. पावणेदोन तास हातात होते. पुन्हा कधी यायचो मी इकडे?

"मंग खोकं दे मले," तो म्हणाला.

मी दिलं. शहाणपणाने नाही. टेकडी चढायची होती आणि खोक्याच्या पिशवीचा पट्टा खांद्याला काचत होता.

किल्ला बघितला, चर्चच्या रंगीत काचा बघितल्या आणि दहा मिनिटं हातात राखून हॉटेलवर आलो. माझ्या घड्याळात तीनला दहा कमी. दारात गाडी नाही. काउंटरवर माझी एकट्याची सुटकेस. तिथल्या मुलीने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, मी तिला माझं दाखवलं. असं दोन-तीनदा झालं. शेवटी तिने कागद घेतला. एक वर्तुळ काढून त्यात दोन वाजवले, शेजारच्या वर्तुळात तीन, मधे बाण. मग बाहेरच्या उन्हाकडे हात केला. नंतर लिफ्टजवळ जाऊन ती नोटीसच काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

उन्हाळा लागला म्हणून त्या देशाने रात्रीतून सगळी घड्याळं एक तास पुढे सरकवली होती. असं काही करतात हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे घड्याळ म्हणजे घड्याळ.

टॅक्सी करून विमानतळावर पोचलो. मिलेनाबाई एकट्याच उभ्या होत्या.

"विमान गेलं. तुमचे मित्र गेले. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो तुमच्यासाठी."

"पण मनोऱ्यावरच्या घड्याळात..."

"ते जुनं आहे. उन्हाळ्यात त्याचे काटे आम्ही पुढे करत नाही. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं."

तीन दिवस मी त्या सुंदर शहरात काढले आणि काहीही धड बघितलं नाही. रोज सकाळी एकच विचार, गजभियेने खोकं मागितलं नसतं तर?

नागपूरला कामावर गेलो तेव्हा युनिट चालू होऊन दोन दिवस झाले होते. कारमोरे साहेब म्हणाले, "या पराते. ताप उतरला का?"

मी गजभियेकडे बघितलं. तो लॉगशीटमध्ये मान घालून बसला होता. मला लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल माया दाटून आली. पण त्याने माझ्यासाठी रचलेली तापाची बतावणी पुढे चालवता येईना. सगळं सांगितलं, बाथटबसकट.

साहेब हसले नाहीत.

"म्हणजे तुमची दोन घड्याळं एकाच जुन्या वेळेवर होती. ती जुळणारच. बरं, आपल्या ड्रमचे तीन मीटर तीन वेगळ्या पाइपांवर आहेत ना?"

मी ड्रॉइंग घेऊन बॉयलरच्या माथ्यावर चढलो. दोन मीटर एकाच पाइपवर होते. तो पाइप चोंदला असता तर दोघांनी मिळून एकच खोटं सांगितलं असतं, आणि सहा वर्षं मी त्या दोघांच्या भरवशावर सही करत होतो. पुढच्या शटडाउनला तिसरा पाइप टाकून घेतला.

साहेबांना सगळं सांगितलं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी गजभियेला विचारलं, "तुला कसं रे कळलं तिथे?"

"मले काहीच कळलं नव्हतं गा," तो चहा बशीत ओतत म्हणाला. "म्या म्हटलं, मी चुकलो तं हॉटेलात एक तास बसून राहीन. तू चुकला तं विमान जाईन. मंग खोकं कोणापाशी पाहिजे?"