त्या दुपारी मी जेवले नाही

छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं तेव्हा वडिलांनी बरंच काही सोडलं. देव सोडले, उपास सोडले, हुंडा घेणंदेणं सोडलं. एक रीत मात्र राहिली, कारण ती कुठल्या देवाची नव्हती. सोयरीक ठरेपर्यंत मुलीकडच्या वडीलधाऱ्यानं मुलाकडचं जेवायचं नाही. चहा चालतो, पाणी चालतं. पण त्यानं ताटात हात घातला की बोलणं पक्कं, मग मागे फिरणं नाही.

आईवडील गेल्यावर आमच्या घरातली वडीलधारी मीच. मी चामोर्शीला प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. का, हा इथला विषय नाही. धाकटी बहीण गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होती. वडिलांनी आमच्या दोन आत्यांची लग्नं त्यांना न विचारता त्यांच्या सासरी जेवून ठरवली होती, आणि त्यांतली एक आत्या आयुष्यभर तेच बोलून दाखवत आली. म्हणून बहिणीला मी आधीच शब्द दिला होता, की तू हो म्हटल्याशिवाय मी त्यांच्याकडचा घास घेणार नाही.

स्थळ चांगलं होतं. मुलगा कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या वडिलांनी निरोप पाठवला की आम्ही नाताळच्या सुट्टीत ताडोब्याच्या रस्त्यावरच्या नव्या रिसॉर्टमध्ये उतरलो आहोत, तिथंच या, मोकळ्या हवेत बोलू. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या भागात रिसॉर्ट हा शब्दच तेव्हा नवा होता.

धानाची मळणी चालू होती. आठवडाभर शाळा सुटली की मी खळ्यावर, आणि खळ्यावरून आल्यावर स्वयंपाक. त्या दिवशी अंधारातच उठून मामाला बरोबर घेतलं आणि पहिली एसटी पकडली. खिडकीला काच नव्हती. गडचिरोलीच्या स्टँडवर बहीण चढली. रात्रपाळी करून, दवाखान्यातच साडी बदलून आली होती. रात्रभर बाळंतपणं होती म्हणाली. मी म्हटलं, "मुलाशी नीट बोलून घे. मग मले सांग."

"पाहते," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली ती थेट चंद्रपूरला उठली. तिथून त्यांची जीप होती.

रिसॉर्टच्या फाटकाला सिमेंटची झाडं होती. आत सिमेंटचा वाघ, त्याच्या पाठीवर बसून लोक फोटो काढून घेत होते. राहायला झोपड्या, पण वरचं गवत नुसतं दाखवायला, खाली स्लॅब. मामा हयातभर गवताच्याच छपराखाली राहिलेला. त्यानं एका झोपडीचा कुड वाजवून पाहिला आणि म्हणाला, "विटांचा आहे. मंग वरतं गवत काऊन टाकलं?"

"शहरातल्या लोकांना जंगल वाटावं म्हणून," मी म्हटलं.

"जंगल तं बाजूलेच आहे."

मुलाचे वडील उंच, मोठ्या आवाजाचे, ठेकेदारी करून वर आलेले. आईचं बोलणं कमी, लक्ष जास्त. जयभीम झाला, चहा झाला. मग वडील म्हणाले, पोरांना तळ्यापर्यंत जाऊ द्या. दोघं गेली. मी बाकावर बसून लक्ष ठेवायचं ठरवलं होतं. ऊन पाठीवर आलं आणि माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा ती दोघं परत येत होती. दोघांचेही चेहरे नेहमीसारखे. काय बोलणं झालं, काही कळायला मार्ग नव्हता.

तिला बाजूला घ्यावं म्हणून मी उठले, तोच मुलाच्या आईनं तिचा हात धरला आणि हात धुवायला घेऊन गेली. तिथून सरळ जेवणाच्या हॉलमध्ये, आणि आपल्या शेजारी बसवलं. मधे सागाच्या ओंडक्यातून कापलेलं लांबलचक टेबल. मी या टोकाला, ती त्या टोकाला.

भिंतीवर सांबराची शिंगं. ग्लासांत पंख्यासारखे घडी घातलेले रुमाल. लाल पागोटी घातलेले वेटर, धोतराखाली कॅनव्हासचे बूट. कोपऱ्यात चार जण ढोल वाजवत होते. एरवी मला ढोल आवडतो. त्या दिवशी त्याचा ठोका थेट डोळ्यांमागे बसत होता. अंग खुर्चीत ओतल्यासारखं पडलं होतं आणि पाठ ताठ ठेवायची हेच मोठं काम झालं होतं. भूक तर चंद्रपूर यायच्या आधीपासून लागलेली.

आधी सूप आलं. मी रुमाल मांडीवर पसरला आणि हात त्याच्यावर ठेवले.

"घ्या ना बाई," मुलाचे वडील म्हणाले.

"घेते."

मामानं मात्र वाटी तोंडाला लावली. मामा आईकडचा, त्याच्या खाण्याला या रीतीत काही किंमत नव्हती, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सूप संपवून तो म्हणाला, "टमाट्याचं सार आहे. बरं आहे." मग तंदुरी कोंबडी आली, पनीर, नान, काजू पेरलेला पुलाव. वेटरनं माझं ताट न विचारता भरलं. कोंबडीचा वास नाकात शिरला तशी मी खिडकीबाहेर सिमेंटच्या वाघाकडे पाहू लागले.

बहीण जेवत होती. मान खाली घालून, मन लावून, घाई न करता. नान तोडत होती, हाडाला मांस ठेवत नव्हती. मुलाच्या आईनं वाढलं की "हो" म्हणत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले, एकदा तरी वर बघेल म्हणून. तिनं पाहिलं, आणि परत पुलावाकडे वळली. यातून काय समजायचं? पसंत आहे म्हणून निवांत जेवते, की नुसती भूक? मुलीच्या जेवणाचा अर्थ लावायची रीतच आमच्याकडे नव्हती. मुलगी कितीही जेवो, ते कोणी धरत नसे.

"बाई काहीच घेऊन नाई राह्यल्या," मुलाचे वडील आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. माणूस मूळचा आमच्याच भागातला. रीत त्यांना माहीत होती. मी एक घास घेतला असता तर त्यांनी तिथंच पेढे मागवले असते. "मुद्दाम तुमच्यासाठी सांगून बनवलं. आवडलं नाई का?"

"चांगलं दिसते."

"नुसतं पाहून पोट भरते काय?"

मामा हसला. नंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "खाय न वो. पोरगा चांगला आहे. कोंबडी थंडी होऊन राह्यली."

"तुमीच खा मामा."

"मी तं खाऊनच राह्यलो. माह्या खाण्यानं काय होते?"

मुलाची आई इतका वेळ बघत होती. ती उठून माझ्या खुर्चीशी आली आणि हळूच म्हणाली, "पोट बरं नाई का तुमचं?" ती मला सुटायला वाट देत होती, हे मला कळलं. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण इतकी दमले होते की खोटं रचून ते पुढे सांभाळायचं त्राण नव्हतं.

"पोट बरं आहे," मी म्हटलं. "भूकही आहे. बहिणीनं सांगितलं की जेवते."

ढोल चालूच होता, पण टेबलावरचे चमचे थांबले. मुलगा लाल झाला. त्याचे वडील माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी नव्या रिसॉर्टमध्ये बैलगाडी घातली होती. मी टेबलाच्या पलीकडे बहिणीला सरळ विचारलं, "काय वो, जेवू का?"

तिनं तोंडातला घास पूर्ण चावला. पाणी प्यायली. म्हणाली, "ताई, मले लय झोप येऊन राह्यली. मंग सांगते." आणि आइस्क्रीमची वाटी जवळ ओढली.

मुलगा म्हणाला, "हो हो, काही घाई नाही." बरा होता तो मुलगा. त्याच्या वडिलांनी नंतर आग्रह केला नाही, बोललेही फारसे नाहीत. वेटरनं माझं ताट उचललं, तसंच्या तसं भरलेलं. मी ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाताना पाहिलं.

परतीच्या एसटीत बसता क्षणी बहीण झोपली. मामा पुढच्या सीटवर, वारंवार मागे वळून सांगत होता की मी त्या लोकांचा अपमान केला. खाल्ल्या घरची लाज त्याला वाटत होती, ती मला वाटावी असं त्याचं म्हणणं. वाटेत मूल गावच्या स्टँडवर गाडी थांबली. मी खाली उतरून आलुबोंडे घेतले आणि उभ्याउभ्या खाल्ले. बहीण जागी होऊन खिडकीशी आली.

"नाई म्हणून सांगून दे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"काई नाई. वाईट नाई बोलला. म्हणे नोकरी कर, पण रात्री घरी पायजेन. मी म्हटलं, बाया रातच्याच बाळंत होतात. तं म्हणे, दुसऱ्या नर्सा आहेत ना."

"हे तळ्यावरच झालं?"

"हो."

"मंग टेबलावर काऊन नाई बोलली? मी विचारलं होतं ना?"

"बोलली असती तं तू मले ताटावरून उठवलं असतं. काल दुपारपासून पोटात काई नव्हतं माह्या."

उठवलं असतं, हे खरं होतं. नकार द्यायचा आणि त्यांच्याच टेबलावर बसून जेवायचं, हे मला जमलं नसतं. तिला जमलं. मला राग आला, पण तोंडात आलुबोंडा होता आणि तो संपेपर्यंत राग टिकवण्याइतकी ताकद उरली नव्हती.

मामानं सगळं ऐकलं. "आता कोण तोंड दाखवन त्यायले?" म्हणाला.

"मी जाईन सांगायला," मी म्हटलं. "तुमी नका येऊ."

"मी कायले येतो," म्हणून तो पुढे बघत बसला.

गडचिरोली आलं तेव्हा अंधार पडला होता. मी तिला हलवून उठवलं. त्या रात्रीही तिची पाळी होती. तिनं पदर सारखा केला, मळक्या पिशवीत पांढरी साडी आहे ना ते चाचपलं, आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. मी सरकून खिडकीशी बसले. चामोर्शी अजून लांब होतं आणि पहाटे खळ्यावर माणसं येणार होती.