फुगलेली रिंग आणि साहूची रेड इंक एन्ट्री

डोंगरातल्या त्या पोस्टिंगवर मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक होतो. माझ्या ताब्यात सहा मोटरसायकली. लान्स नायक धनेश साहू आमचा डिस्पॅच रायडर, डीआर, म्हणजे चौक्यांवर कागद पोचवणारा. तो रायपूरजवळच्या अभनपूरचा, मी रायपूरच्याच तात्यापाऱ्यातला. पलटणीत एवढी सोयरीक पुरते.

कार्बोरेटर खोलला की आतल्या रबरी रिंगा बदलायच्या. बसवताना वंगण लावायचं, नाहीतर रिंग पिळते. वंगण म्हणजे सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला चकाकी येईल इतकंच. एके दिवशी एका गाडीचा कार्बोरेटर खोलला, तर ट्यूब संपलेली. स्टोअरकडे डिमांड दिली असती तर आठवडा गेला असता. मी चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस उचललं. शेवटी ग्रीस ते ग्रीस, असं म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दोन दिवसांनी साहू तीच गाडी घेऊन ०६१० ला निघाला. ०७३० ला पोचायला हवा होता. ०८१५ ला वरच्या चौकीवरून रेडिओ बोलला.

"डीआर नहीं पहुँचा. ओव्हर."

"०६१० को निकला है. ओव्हर."

"सर्च पार्टी भेजो. आउट."

त्या रस्त्याला एका बाजूला दरी होती. ०९४० ला साहू चालत चौकीवर पोचला, कागद सहीसलामत. माझ्या ग्रीसनं रिंग फुगून खाचेबाहेर आली होती आणि सगळं पेट्रोल वाटेत गळून गेलं होतं.

संध्याकाळी साहेबांसमोर तो म्हणाला, "टंकी देखना भूल गया, सर."

त्याला सात दिवस पिठ्ठू परेड, म्हणजे पाठीवर वजन घेऊन पळणं, आणि रेड इंक एन्ट्री, म्हणजे सर्व्हिसच्या कागदात लाल शाईची नोंद मिळाली. मी शेजारीच सावधानमध्ये उभा होतो. बोललो नाही. बाहेर आल्यावर त्यानं ती रिंग खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली.

"भैया, तुंहर छुट्टी कट जातिस. बिहाव हे न?"

माझी सुट्टी कापली गेली नाही, लग्न ठरल्या तारखेला झालं. पुढच्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर दरड कोसळली. साहू ड्युटीवर होता, तिथेच गेला. मी खांदा दिला, पण तेव्हाही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज आजही वाटते.

आता पेन्शनवर आहे. ओसरीत बसून लोकांचे जुने कार्बोरेटर बांधतो आणि मजेत आहे. नवं वंगण आलं की त्यात एक जादा रिंग दोन दिवस बुडवून ठेवतो, मग खाचेत बसवून पाहतो. नीट बसली तरच ते वंगण गाडीला लावायचं. बायको चिडवते, "लोणचं घालून राहिले का जी?"

गेल्या महिन्यात साहूची मुलगी नेहा आली. सिलतऱ्याच्या कारखान्यात इंजिनियर आहे. बापाची घरची मोटरसायकल तिला चालू करून हवी होती. मी कार्बोरेटर खोलत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "अंकल, पापा के कागज़ में लापरवाही लिखा है. मम्मी मानती नहीं. बोलती है, वो तो बाज़ार भी टंकी देखकर जाते थे. सच क्या है?"

मी पाना खाली ठेवला. सगळं सांगितलं, वेळांसकट. दारात बायको उभी होती.

"इतके वर्षं मले काहून नाही सांगितलं?"

"हिंमत नाही झाली," मी म्हणालो. ती नेहाजवळ जाऊन बसली.

मग मी कागद घेतला. आर्मी नंबर, रँक, नाव घातलं आणि हिंदीत लिहिलं की चूक माझी होती, लान्स नायक धनेश साहू यांची नव्हती. खाली सही केली. नेहानं तो कागद दोनदा वाचला. मग तिथूनच अभनपूरला फोन लावला.

"मम्मी," ती म्हणाली, "तुम सही बोलती थी. पापा टंकी देखकर ही निकले थे."